खुराड्याची झालर

ग्रिलवाल्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा काकूंना धीर द्यायला सगळी गल्ली लोटली. आलेल्या बायका डोळे पुसायच्या आणि काकू त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवून म्हणायच्या, "प्या आधी, गार होतोय." त्या रडल्या नाहीत असं नाही. मोरीत नळ पूर्ण सोडून रडल्या, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन पुन्हा चहाचं आधण ठेवलं.

काकू शिवणकाम करायच्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं मशीन होतं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या पँटची तुटलेली चेन, जे येईल ते त्या करत. घराला लागूनच पत्र्याची शेड होती आणि तिथे त्यांचे यजमान लोखंडी जाळ्या आणि फाटकं बनवायचे. वस्तीतल्या निम्म्या खिडक्यांना त्यांच्याच हातच्या जाळ्या होत्या. म्हणून त्यांना सगळे ग्रिलवाले म्हणत. खरं नाव पोस्टमनलाही आठवावं लागे.

दोघांची कामं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालायची. अलीकडे मशीनची कटकट, पलीकडे हातोड्याची ठोकठोक. पण शेडमध्ये पाऊल टाकायची काकूंना मुभा नव्हती. "ठिणगी उडेल डोळ्यात," असं ते म्हणायचे. सुरुवातीला काकूंना त्यात माया वाटली, मग हेका वाटला, आणि पुढे त्यांनी तो विषयच सोडून दिला. जेवायची वेळ झाली की त्या दाराशी उभ्या राहून हाक मारत आणि परत फिरत.

आजारपणातून ग्रिलवाले उठले, पण उजवा हात तसाच लोंबत राहिला. बोलणं परत आलं तेही हप्त्याहप्त्यानं, एकेक शब्द ओढून आणल्यासारखं. घरी आल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की शेडला कुलूप लावायला सांगितलं आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली. मग मागच्या अंगणात खुर्ची टाकून ते बसले ते बसलेच. काठी भिंतीला टेकलेली असायची. तिच्यावर कोळ्यानं जाळं विणलं तरी त्यांनी ती हातात घेतली नव्हती.

लेक परगावाहून आली होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं भोकं पाडलेला एक पुठ्ठ्याचा खोका अंगणात आणून ठेवला. आतून चिवचिव आणि खरखर चालू होती.

"अगं, हे काय आणि?" काकूंनी विचारलं.

"तलंगा आहेत. सहा. बाबांसाठी आणल्यात."

"त्यांना स्वतःचं करवत नाही, आणि कोंबड्या?"

"आई, ते तुझ्यासाठी उठत नाहीत, माझ्यासाठी उठत नाहीत. यांच्यासाठी उठतात का बघू."

काकूंना हे मुळीच पटलं नव्हतं. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी खोका सावलीत सरकवला. लेकीनं एका लाकडी खोक्याचं खुराडं केलं, चार खुंट ठोकून भोवती षटकोनी भोकांची पातळ जाळी गुंडाळली आणि गाडीला उशीर होतो म्हणून घाईनं सामान भरायला पळाली. ग्रिलवाले खुर्चीवरून सगळं बघत होते. "ही जाळी... नुसती... शोभेची," ते म्हणाले. काकू तेव्हा लेकीच्या डब्याच्या गडबडीत होत्या.

पहिले काही दिवस त्यांनी कोंबड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. कोंबड्यांनी मात्र त्यांच्याकडे पाहिलं. जाळीच्या आत फिरताना त्यातली एक, मान ताठ ठेवणारी, थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची आणि एका डोळ्यानं त्यांची तपासणी करायची.

"हेडबाई आहे... ही," एके दिवशी ते म्हणाले.

दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू थांबल्या. खुर्चीत बसल्यापासून त्यांनी आपणहून काढलेलं, काकूंनी ऐकलेलं ते पहिलं बोलणं होतं.

हेडबाईमागून इतरांनाही नावं पडली. कशालाही दचकून दाण्याच्या ताटलीत पाय घालणारी ती धांदरट. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा दोघी, त्या जुळ्या. आखूड पायांची ठेंगणी. आणि सहावीला काही केल्या नाव सुचेना, म्हणून ती सहावीच राहिली. ग्रिलवाले डाव्या हातानं दाणे फेकायचे, ते नेम चुकून जाळीबाहेर पडायचे, आणि मग चिडून ते काठी घेऊन उठायचे. कोळ्याचं जाळं झटकलं गेलं. काकूंनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि त्या पोळ्या लाटत राहिल्या.

पहिलं अंडं ठेंगणीनं दिलं. ते उबदार अंडं ग्रिलवाल्यांनी आपल्या उजव्या पंज्यात ठेवलं आणि डाव्या हातानं त्याची एकेक बोटं अंड्याभोवती मिटवली. कितीतरी वेळ ते तसेच बसून होते. काकूंनी शेवटी त्या अंड्याचं काय करायचं ते विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीचं तेवढं शिजवलं.

असं सगळं जरा रुळावर येत होतं, आणि एका दुपारी घात झाला. काकू पडद्याची पट्टी मारत होत्या. मागून एकदम कलकलाट उठला. त्या धावत गेल्या तर अंगणभर पिसं, जाळीच्या बुडाशी वाकवून काढलेली फट, आणि धांदरट मान मोडून पडलेली. बाकीच्या पाच कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. ग्रिलवाल्यांचा खुर्चीतच डोळा लागला होता. ते जागे झाले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

काकूंचा संशय एकदम पक्का झाला. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. बायको गेल्यापासून एकटेच. त्यांच्याजवळ बोका होता, रांजणासारखा गुबगुबीत, एक कान फाटलेला. त्याला ते पैलवान म्हणत. पैलवानाला कुंपणावर बसून कोंबड्यांकडे टक लावून बघायची सवय होती. काकूंनी ते कितीदा पाहिलं होतं.

त्या तशाच, बोटात शिवणाचं टोपण असतानाच, कुंपणाशी गेल्या. "भाऊजी, तुमच्या पैलवानानं आज माझी कोंबडी मारली."

"वहिनी, तो झुरळ मारत नाही हो. झुरळ दिसलं तर मला उठवतो."

"मग पिसं काय वाऱ्यानं उडाली? आजारी माणसाला जरा कुठे जीव लागला होता, तो तुमच्या बोक्यानं तोडला. सांभाळता येत नसेल तर पाळायचं कशाला?"

ड्रायव्हरांनी पैलवानाला काखेत घेतलं आणि ते घरात गेले. तेव्हापासून पैलवान घरात कोंडला गेला. खिडकीच्या गजांमागे बसून तो असा काही गळा काढायचा, की काकूंना मशीन चालवताना पाय जड व्हायचा. पण त्या स्वतःला बजावत, बरंच झालं, अद्दल घडली.

जाळीची फट त्यांनी विटा लावून बुजवली. चार-दोन दिवस शांततेत गेले. आणि एका सकाळी, काकू पुढच्या दारात गिऱ्हाइकाशी बोलत असताना, पुन्हा तोच कलकलाट. यावेळी जुळ्यांपैकी एक गेली. काकूंची नजर आधी शेजारच्या खिडकीकडे गेली. पैलवान गजांमागेच होता, पाठीची कमान करून, शेपटी फुगवून.

ग्रिलवाले खुर्चीवर नव्हते. खुर्ची आणि जाळी यांच्या मधोमध ते जमिनीवर बसले होते. काठी दूर पडली होती, ढोपर खरचटलं होतं. काकूंनी त्यांना उठवायला हात घातला, पण ते उठेनात.

"मी... पाहिलं," ते म्हणाले. "मुंगूस. लांब. शेपूट." त्यांनी डाव्या हातानं जाळीखालची उकरलेली माती दाखवली. "तुला... हाक मारायची... होती. हाक... आलीच नाही."

काकू त्यांच्याशेजारी मातीतच बसल्या. पुढच्या दारातलं गिऱ्हाईक वाट पाहून निघून गेलं असावं. त्यांनी नवऱ्याचं ढोपर पदरानं पुसलं. मग काकूंनी त्यांना हळूहळू आत नेलं, पलंगावर बसवलं. ग्रिलवाल्यांनी डावा हात उशीखाली घातला, किल्ली काढली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली.

"आत... बारीक चौकोनी जाळी आहे. गोदामाच्या... कामातली. उरलेली. तू... आण."

"मी?"

"मग... कोण? मुंगूस?"

त्या संध्याकाळी काकू आधी कुंपणाशी गेल्या. ड्रायव्हर भांडी घासत होते. काकूंनी पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच बाहेर पडलं, "भाऊजी, पैलवानाला सोडा. चूक माझी झाली. नको ते बोलले."

ड्रायव्हरांनी हात पुसले. "त्याचं काही नाही वहिनी. तो कोंडल्यावर जास्तच जेवला. मलाच वाईट वाटलं, तुम्ही म्हणालात ना, सांभाळता येत नसेल तर."

काकूंनी मान खाली घातली. घासलेलं पातेलं पालथं घालून ड्रायव्हरच म्हणाले, "ते खुराडं नीट करायला लागणार आता. कुदळ आहे माझ्याकडे. कंबर नाही, पण कुदळ आहे."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. उरलेल्या चौघींची रवानगी मोरीत झाली, त्यामुळे आंघोळीला जायचं म्हणजे आधी हेडबाईंची परवानगी काढावी लागे. काकूंनी शेडचं कुलूप काढलं. आत गंजाचा आणि तेलाचा वास होता. भिंतीवर हत्यारं आकारानुसार टांगलेली, खिळे वेगवेगळ्या डब्यांत, जमीन झाडून ठेवलेली. काकूंना हसू आलं. घरात चहाचा कप उचलून ठेवायला न सांगता कधी न उठलेला माणूस इथे किती टापटिपीनं राहत होता. त्यांनी खुर्ची आणून शेडच्या दारात ठेवली आणि ग्रिलवाल्यांना त्यावर बसवलं.

कोपऱ्यात काही चौकटी पडून होत्या. कुणीतरी खिडक्यांसाठी सांगून नंतर न्यायलाच आलं नव्हतं. त्यांचा सांगाडा करायचा, त्यावर बारीक जाळी बसवायची आणि वरूनही झाकायचं, कारण अलीकडे एक घार अंगणावर घिरट्या घालू लागली होती. एवढं सगळं ग्रिलवाल्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढून समजावलं. गाडी अडली ती जाळी चौकटीला कशी जोडायची इथे.

"वेल्डिंग... पाहिजे," ते म्हणाले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले.

"मी करून बघू का?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"हात... नको लावू! वस्ती... पेटवशील."

काकूंनी बारीक तारेचं वेटोळं उचललं. तारेचं टोक जाळीच्या भोकातून घातलं, गजाभोवती फिरवून पुढच्या भोकातून बाहेर काढलं, पकडीनं खेचून घट्ट केलं. मग पुढचं भोक. मग त्याच्या पुढचं. हात आपोआप चालू लागला.

"हे काय... अभ्रा शिवतेस?" ग्रिलवाले म्हणाले.

"हो. आणि मी शिवलेला अभ्रा उसवलेला पाहिलाय कधी तुम्ही?"

एक बाजू पूर्ण झाल्यावर ग्रिलवाल्यांनी चौकट जवळ आणायला लावली. डाव्या हातानं जाळी धरली, पाय चौकटीला लावला आणि दात-ओठ खात ओढली. जाळी कुरकुरली देखील नाही. "हं," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी नवऱ्याचे निरनिराळे हुंकार ऐकले होते, बेचव आमटीचे, पाहुण्यांच्या निरोपाचे, झोपेतले. हा नवा होता. पुढची बाजू शिवताना त्यांच्या बोटांना तार टोचून रक्त आलं, तरी त्यांनी हात थांबवला नाही.

खरा पेच बुडाशी होता. मुंगूस उकरून आत शिरतं, म्हणून जाळी खोल पुरायची असा ग्रिलवाल्यांचा हुकूम होता. ड्रायव्हरांनी कुदळ चालवली. वीतभर मातीखाली दगड लागला. पहार आणली, तर पहारीनं ठिकऱ्या उडाल्या आणि ड्रायव्हरांच्या कमरेत उसण भरली. ते अंगणातच आडवे झाले. पैलवान येऊन त्यांच्या पोटावर बसला.

"आता हो?" काकू म्हणाल्या.

काकू उरलेली जाळी हातात घेऊन उभ्या होत्या. मग त्या खाली बसल्या आणि जाळीची रुंद पट्टी चौकटीच्या बुडाशी धरून बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरली. "अशी झालर लावली तर? फ्रॉकला लावतो तशी. खाली पुरायचीच नाही. बाहेर पसरायची आणि वर माती, विटा टाकायच्या."

"बाहेर... का? आत... का नाही?"

"ते कुठे उकरणार? जाळीला नाक लावून, तिथेच ना? तिथे उकरलं की खाली झालर लागणार. मागे सरकून लांबून उकरावं, एवढा विचार करत कशाला बसेल ते?"

ग्रिलवाल्यांनी झालरीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. आणि हसले. तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, पण हसणं तेच होतं, लग्नाच्या आधी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हाचं. "जाळीला... नाक लावून," ते पुन्हा म्हणाले आणि पुन्हा हसले. आडवे झालेले ड्रायव्हरही हसू लागले आणि "अयाई गं, कंबर" म्हणून विव्हळले.

दाराची कडी मात्र ग्रिलवाल्यांनी कुणाला ठरवू दिली नाही. जुन्या फाटकाची एक कडी शोधून त्यांनी तिची करामत सांगितली. आधी वर उचलायची, मगच सरकते. जनावराला दोन्ही गोष्टी एकदम जमायच्या नाहीत. ती बसवायची ती त्यांच्या डाव्या हाताच्या उंचीवर. कडी जाम होती. काकूंनी जन्मात पहिल्यांदा कानस हातात घेतली आणि ग्रिलवाले "एकाच... दिशेनं! परत येताना... उचल!" असं ओरडत राहिले. काकूही ओरडल्या, "अहो, दोन हात आहेत मला, चार नाहीत!" मग त्यांनी जीभ चावली. पण ग्रिलवाल्यांना ते मुळीच लागलं नव्हतं. ते कडीकडेच बघत होते.

खुराड्याचा खोका विटांवर उचलून ठेवला, त्याच्या तळालाही जाळी मारली, आत बसायला दांडी लावली. चौघी कोंबड्या मोरीतून बाहेर आल्या. हेडबाईंनी सगळीकडे फिरून पाहणी केली आणि दांडीवरची मधली जागा धरली.

मुंगूस आलंच. सकाळचा चहा चालू होता. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि ग्रिलवाल्यांचा दंड धरला. तपकिरी, चपळ, जमिनीला पोट लावून ते कुंपणाखालून आलं. कोंबड्या ओरडत खोक्यात शिरल्या. मुंगसानं जाळीभोवती एक फेरी मारली. दाराशी थांबून कडी हुंगली. मग एका कोपऱ्यात नाक लावून, अगदी काकू म्हणाल्या होत्या तसं, ते भराभर उकरू लागलं. माती उडाली. नखं जाळीवर खरवडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. ते थबकलं. दोन पावलं बाजूला जाऊन पुन्हा उकरलं, पुन्हा तोच आवाज.

"मार... दगड," ग्रिलवाले कुजबुजले.

"थांबा हो. बघू दे त्याला सगळं."

त्यानं सगळं बघितलं. वर चढून पाहिलं, छताच्या जाळीला नखं अडकवून पाहिली. शेवटी मागच्या पायांवर उभं राहून त्यानं खिडकीकडे तोंड केलं. काकूंना वाटलं, आपल्याकडेच बघतंय. इतकुसा चेहरा, ओलं नाक. मग ते कुंपणाखालून निघून गेलं.

"त्याचंही पोट आहे म्हणा," काकू म्हणाल्या.

"दुसरीकडे... भरू दे," ग्रिलवाले म्हणाले. त्यांचा चहा पार गार झाला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

त्यानंतर रोज सकाळी दार उघडायचं काम त्यांचं झालं. उजवा हात काही सुधारला नाही. डॉक्टरांनीही त्याची आशा सोडली होती. पण डाव्या हातानं कडी उचलायची, कोपरानं दार रेटायचं आणि हेडबाईंची बोलणी खात दाणे टाकायचे, हे त्यांना जमू लागलं. लेकीला फोनवर ते कोंबड्यांचीच खबर द्यायचे. ती हसून म्हणायची, "बाबा, आई कशी आहे तेही सांगा की."

एके दिवशी मागच्या गल्लीतली एक बाई दारात आली. तिच्याकडे बदकं होती आणि रोज एखादं कमी होत होतं. तिनं ड्रायव्हरांकडून या खुराड्याचं ऐकलं होतं.

"ग्रिलवाले तुम्हीच ना?" तिनं खुर्चीतल्या ग्रिलवाल्यांना विचारलं. "माझ्याकडे येऊन जाळी करून द्याल का?"

ग्रिलवाल्यांनी डोकं हलवलं. "मी... नाही. ग्रिलवाल्या... आत आहेत. मशीनवर."

काकू दाताखाली दोरा धरून बाहेर आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. दोरा तोडायचा विसरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"झालर... घालून देतील. पक्की," ग्रिलवाले त्या बाईला सांगत होते. "पण आधी... जमीन बघतील. दगड असेल तर... वेगळं करतील."

"अहो, मी कधी म्हटलं जाते म्हणून?"

"जाशील... की."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. ड्रायव्हरांनी जाळीचं भेंडोळं खांद्यावर घेतलं होतं आणि कंबर सांभाळत ते पुढे चालले होते. काकूंच्या हातात शिवणाच्या पिशवीत पकड, कानस आणि तारेचं वेटोळं होतं. ग्रिलवाल्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. तरी ते काठी घेऊन तयार होते, केसांना तेल लावून, धुतलेला शर्ट घालून. त्याची उजव्या बाहीची बटणं काकूंनी लावून दिली.

"लांब आहे हो," काकू म्हणाल्या. "दमाल."

"मध्ये... बसू कुठेतरी."

वाटेत तीनदा बसावं लागलं, एकदा दुकानाच्या पायरीवर, दोनदा लोकांच्या ओट्यांवर. प्रत्येक ठिकाणी समोरच्या खिडकीला त्यांनीच बनवलेली जाळी होती, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी तिच्यातली एक चूक काकूंना दाखवली. काकूंनी सगळ्या नीट ऐकून घेतल्या.